सोवळे, शिळे आणि रुग्णाचे ताट

२० फेब्रुवारी २०२४ रोजी एकादशी होती. बुलढाणा जिल्ह्याच्या लोणार तालुक्यातील सोमठाणा या गावी हरिनाम सप्ताह चालू होता, आणि उपवासाला साजेल असा भगर-आमटीचा प्रसाद भाविकांना वाढला गेला. थोड्याच वेळात सोमठाणा आणि खापरखेड येथील माणसांना उलट्या, मळमळ, पोटदुखी सुरू झाली. बिबीच्या ग्रामीण रुग्णालयाकडे रात्री लोंढा लागला. काहींना लोणारला, काहींना मेहकरला हलवावे लागले. बाधितांची संख्या कोणी दोनशेच्या आसपास दिली, कोणी पाचशेपर्यंत नेली. खाटा पुरल्या नाहीत म्हणून माणसांना रुग्णालयाबाहेर उघड्यावर निजवले, झाडांना दोर बांधले आणि त्या दोरांवर सलाईनच्या बाटल्या टांगल्या. ते छायाचित्र देशभर फिरले. सुदैवाने कोणी दगावले नाही.

पुढचे चार दिवस चर्चा झाली ती खाटांची आणि डॉक्टरांची. ती व्हायलाच हवी होती. पण ज्या पातेल्यापासून हे सारे सुरू झाले त्याच्याविषयी फारसे कोणी बोलले नाही, आणि दोराखाली निजलेल्या माणसाने दुसऱ्या दिवशी कोठले अन्न खाल्ले असेल, हा प्रश्न तर कोणाच्या मनातही आला नसावा. रुग्णाचे अन्न हा आपल्याकडे वैद्यकाच्या इतिहासाचा भाग मानला जात नाही आणि साहित्याच्या इतिहासाचा तर नाहीच. आम्हांला वाटते की तो दोहोंचा आहे. कारण अन्न बिघडते कसे याविषयी मराठी माणूस जो विचार करतो, तो बहुतांशी त्याच्या भाषेने आधीच करून ठेवलेला असतो.

भगरीपासूनच आरंभ करू. वरईचे तांदूळ, म्हणजे भगर, हे उपवासाला चालणारे अन्न. म्हणून मनाने ते आधीच शुद्ध ठरवलेले असते. महाराष्ट्राच्या अन्न व औषध प्रशासनाने मात्र भगरीविषयी वारंवार सूचना काढल्या आहेत. दमट हवेत साठवलेल्या भगरीवर ॲस्परजिलस जातीची बुरशी धरते आणि फ्युमिगाक्लेव्हिनसारखी विषद्रव्ये तयार होतात. म्हणून सुटी भगर वा तयार पीठ घेऊ नये, धान्य निवडून, धुऊन, घरी दळावे, पीठ फार दिवस ठेवू नये, असे त्या सूचना सांगतात. सोमठाण्याचे कारण हेच होते, असे येथे सुचवायचे नाही. पण उपवासाच्या दिवशी हजार माणसे एकच पदार्थ खातात, वर्षातल्या मोजक्या तिथींसाठी तो साठवलेला असतो, आणि त्याच्या पावित्र्यावर कोणी शंका घेत नाही, हे तिन्ही एकत्र आले की धोका वाढतो, एवढे म्हणता येईल.

अन्नाच्या अवस्था दाखवणारे शब्द मराठीत थोडेथोडके नाहीत. सोवळे, ओवळे, उष्टे, खरकटे, शिळे, पारोसे, विटलेले, आंबलेले, नासलेले, उतरलेले. यांतले काही शब्द जिभेने आणि नाकाने ठरवलेले आहेत, काही शास्त्रार्थाने. खरकट्या हाताने पाण्याच्या भांड्याला शिवू नये, या नियमात आजची आरोग्यसेविकाही दोष काढणार नाही. ‘शिळे’ हा शब्द मात्र भारी फसवा आहे. रात्रीची ज्वारीची भाकरी शिळी आणि रात्रीचा भातही शिळाच. परंतु भाकरी कोरडी असते, तीत जंतू सहसा वाढत नाहीत, आणि ताकाबरोबर ती खाऊन वऱ्हाडातल्या पिढ्या शेतावर गेल्या. भाताची गोष्ट निराळी. तांदळात बॅसिलस सिरियस या जंतूची बीजे असतात आणि ती उकळण्याने मरत नाहीत. भात कोमट राहिला की ती उगवतात आणि विष सोडतात, आणि ते विष पुन्हा तापवल्याने जात नाही. इंग्लंडमध्ये १९७१पासून चिनी उपाहारगृहांतल्या परतलेल्या भाताने माणसे आजारी पडू लागली तेव्हा या जंतूची कीर्ती झाली. आपला फोडणीचा भात त्याच कुळातला. शिळ्या कढीला ऊत आणण्याची म्हण आपण वादविवादात वापरतो. मुदपाकखान्यात तिचा अर्थ अक्षरशः घ्यावा लागतो.

सोवळ्याचे तर विचारूच नये. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’मध्ये आपल्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचे जे वर्णन केले आहे ते मराठी वाचकाला ठाऊक आहे, धुता येत नाही तेही धुण्याचा तो हट्ट वाचताना हसू येते आणि घरच्या माणसांची कीवही. त्या घराइतके पाणी क्वचितच कोठे सांडले असेल. तरीही ती स्वच्छता जंतूंविरुद्ध नव्हती, स्पर्शाविरुद्ध होती. स्पर्श कोणाचा हे तिला कळत होते. हात कसला आहे हे तिला विचारायचेच नव्हते. ओल्या सोवळ्याने वावरणाऱ्या स्वयंपाक्याच्या बोटाला पिकलेली जखम असली तरी तो सोवळाच राहतो, आणि स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू अशाच जखमेतून पिठात वा दुधात उतरतो.

आपल्या परंपरेत जंतू ठाऊक नसतानाही स्वयंपाकघराचे शास्त्र नव्हते असे नाही. सुश्रुतसंहितेच्या कल्पस्थानाचा पहिलाच अध्याय अन्नपानाच्या रक्षणाविषयी आहे. महानस, म्हणजे मुदपाकखाना, प्रशस्त जागी असावा, भांडी स्वच्छ असावीत, खिडक्या पुष्कळ असाव्यात आणि त्यांना जाळ्या असाव्यात. तेथे विश्वासूच माणसे असावीत, त्यांनी केस आणि नखे कापलेली असावीत, स्नान केलेले असावे, डोक्याला बांधलेले असावे. आजच्या अन्नसुरक्षा नियमावलीतला निम्मा मजकूर येथे आला आहे. चरकाच्या सूत्रस्थानातील पंधराव्या अध्यायात रुग्णासाठी उभारायच्या घराचे वर्णन आहे. त्यातही महानस आहे, वरण-भात रांधणारे कुशल सेवक आहेत.

मात्र हे दोन्ही अध्याय कोणासाठी आहेत हे पाहिले पाहिजे. सुश्रुताचा महानस राजाचा. तेथे भय आहे ते शत्रूने विष घालण्याचे. म्हणून संशयित अन्न माशा-कावळ्यांपुढे टाकून, चकोराचे डोळे पाहून परीक्षा करायची. चरकही अध्यायाच्या शेवटी स्पष्टच सांगतो की हा सगळा संभार राजा, राजासारखा वा विपुल धन असलेला करू शकतो. दरिद्र्याने संकट आले असता जे मिळेल त्यावर निभवावे. हा प्रामाणिकपणा आम्हांला आवडतो. अनोळखी, निर्धन, बेवारस रुग्णाचे ताट राजाच्या ताटाइतके जपले पाहिजे, ही कल्पना फार उशिराची आहे आणि ती अजून पुरती रुजलेली नाही.

विषपरीक्षेचा वारसा मात्र आपण टिकवला आहे. शालेय पोषण आहार मुलांना वाढण्याआधी शिक्षकाने चाखून पाहायचा असतो. १६ जुलै २०१३ रोजी बिहारमधील गंडामन गावच्या शाळेत कीटकनाशक मिसळलेल्या अन्नाने २३ मुले मेली. त्यानंतर या नियमाचे महत्त्व कोणाला पटवून द्यावे लागले नाही. कीटकनाशकापुरती ही परीक्षा उपयोगी आहे. पण साल्मोनेला चाखणाऱ्याला सहा तासांनी, कधी दोन-तीन दिवसांनी पाडतो. क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजन्स बहुधा आठ-दहा तासांनंतर. चव उत्तम, वास उत्तम, शिक्षक ठणठणीत, आणि पंगत उठलेली. चाखणारा माणूस राजाला मारेकऱ्यापासून वाचवू शकतो. गार न झालेल्या मोठ्या पातेल्यापासून नाही.

या मोठ्या पातेल्याचा इतिहास बुलढाण्यात दुष्काळाबरोबर आला. वऱ्हाड १८५३ साली निजामाकडून इंग्रजांच्या कारभारात गेले, आणि १८८०नंतर तयार झालेल्या दुष्काळसंहितांनी सार्वजनिक अन्नछत्राला सरकारी रूप दिले. १८९६-९७ आणि त्याहून भयंकर अशा १८९९-१९०० या दुष्काळांत वऱ्हाडात दरिद्रालये आणि शिजवलेले अन्न देणारी स्वयंपाकघरे चालवली गेली. अशा ठिकाणी सर्वांना चालेल अशा जातीचा स्वयंपाकी नेमण्याची काळजी कारभारी घेत. कारण त्याशिवाय भुकेलेलाही जेवायला तयार होईल याची खात्री नव्हती. आणि त्याच वेळी महामारी आणि हगवण त्या गर्दीत शिरत होत्या. रॉबर्ट कॉखने महामारीचा जंतू १८८४ साली कलकत्त्याच्या तळ्यातल्या पाण्यात दाखवून दिला होता. पण स्वयंपाकी कोणाच्या हातचा हे विचारणाऱ्या समाजाला आणि सरकारला पाणी कोठले हे विचारायला आणखी बराच काळ लागला.

साहेबाच्या घरी तरी काय निराळे होते? क्रिमियाच्या युद्धात स्कुतारीच्या लष्करी रुग्णालयात जखमी शिपायांचे मांस ज्या कढयांत उकळत त्यांतच चहा होई. प्रत्येकाचा तुकडा खुणेची चिंधी वा बिल्ला बांधून कढईत टाकायचा. पहिला टाकलेला शिजून चोथा होई, शेवटचा कच्चाच बाहेर येई. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या दिव्याची गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांत आली. १८५५ साली तेथे जाऊन ही स्वयंपाकघरे सुधारणाऱ्या अलेक्सिस सॉयर या आचाऱ्याची आली नाही. स्वतः नाइटिंगेलने १८५९च्या आपल्या शुश्रूषेवरील पुस्तकात रुग्णाच्या खाण्याला दोन प्रकरणे दिली आहेत. न खाल्लेले अन्न रुग्णाच्या उशाशी ठेवू नये, असा तिचा आग्रह होता.

या इतिहासातला सर्वांत बोधप्रद अध्याय आम्हांला वाटतो तो इंग्लंडमधील वेकफील्डच्या स्टॅन्ली रॉयड रुग्णालयाचा. मनोरुग्णांचे हे जुने रुग्णालय. त्याचे स्वयंपाकघर १८६५ सालचे. ऑगस्ट १९८४च्या अखेरीस, सुटीला जोडून आलेल्या उकाड्याच्या दिवसांत, शिजवलेले गोमांस शीतकपाटाबाहेर तासन्‌तास राहिले आणि मग थंडच वाढले गेले. साल्मोनेलाने साडेतीनशेहून अधिक रुग्ण आणि शंभराहून अधिक कर्मचारी आजारी पडले. १९ रुग्ण मेले. यांतले पुष्कळ वृद्ध होते, स्मृती हरवलेले होते. आपल्या पोटात दुखते हे ज्याला सांगता येत नाही, कालचे ताट ज्याला आठवत नाही, त्याचा आजार इतरांच्या ध्यानात येईपर्यंत उशीर झालेला असतो. शिवाय वयाबरोबर जठरातले आम्ल उणावते. तरुणाला जे जंतू दोन दिवस हैराण करून सोडतात ते म्हाताऱ्याला नेतात.

चौकशीचा अहवाल १९८६ साली आला, आणि त्यातून जी गोष्ट चव्हाट्यावर आली ती कायद्याची होती. सरकारी रुग्णालये ही राजसत्तेची मालमत्ता. राजसत्तेवर खटला चालत नाही. सबब रुग्णालयाच्या स्वयंपाकघरावर अन्नविषयक कायद्याखाली खटला भरता येत नसे. कोपऱ्यावरच्या खानावळवाल्याला दंड व्हायचा, आणि हजार रुग्णांच्या मुदपाकखान्यात झुरळे असली तरी निरीक्षकाला विनंतीवर थांबावे लागायचे. हे अभय पार्लमेंटने काढून घेतले. फेब्रुवारी १९८७पासून रुग्णालयांची स्वयंपाकघरे सर्वसामान्य कायद्याखाली आली. एकोणीस जीव गेल्यावर.

आपला १९५४ सालचा कायदा अन्नातील भेसळीच्या प्रतिबंधाचा होता. ‘भेसळ’ या शब्दात लबाडी गृहीत आहे. कोणी वाईट माणूस हवा, त्याला पकडला की काम झाले. चांगल्या माणसाने, भक्तिभावाने, चांगल्या धान्याचे केलेले अन्न माणसाला मारू शकते, हे त्या शब्दात मावत नव्हते. २००६चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा ५ ऑगस्ट २०११पासून लागू झाला. त्याने शब्द बदलला. त्याची अन्नव्यवसायाची व्याख्या नफ्यासाठी असो वा नसो, खासगी असो वा सरकारी, सर्वांना कवेत घेते, आणि धार्मिक वा सामाजिक मेळाव्यांत अन्न वाटणाऱ्यांनाही नोंदणीच्या नियमांत आणते. म्हणजे जे अभय इंग्लंडला एकोणीस मृत्यूंनंतर काढावे लागले ते आपल्या कायद्याने कागदावर ठेवलेच नाही. व्यवहारात मात्र आपण ते देत आलो. महाप्रसादाच्या कढईपाशी जाऊन परवाना विचारणारा निरीक्षक गावकऱ्यांना पाखंडी वाटेल, आणि वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात उष्णतामापक घेऊन जाणारा कृतघ्न.

या जिल्ह्याची एक गंमत अशी की येथले सर्वांत मोठे दैवत अन्नातूनच प्रकटले. २३ फेब्रुवारी १८७८ रोजी शेगावात गजानन महाराज प्रथम दिसले ते उष्ट्या पत्रावळीवरची शिते वेचून खाताना. गुरांसाठी ठेवलेले पाणी ते प्याले. दासगणूंच्या पोथीमुळे हे दृश्य वऱ्हाडात घरोघर ठाऊक आहे. अन्न हेच ब्रह्म, त्यात टाकाऊ काही नाही, हा त्याचा अर्थ भक्तांनी घेतला. तो संताचा अधिकार होता. शेगावच्या संस्थानाने मात्र आपल्या महाप्रसादासाठी पत्रावळीचा आदर्श न घेता शिस्तीचा घेतला, आणि शिवशंकरभाऊ पाटील (निधन २०२१) यांच्या व्यवस्थापनाची स्वच्छतेविषयी जी ख्याती झाली ती भाविक नसलेल्यांनीही मान्य केली. भक्ती आणि घासलेले पातेले यांत वैर नसते, हे एवढ्या गर्दीत दाखवणे सोपे नव्हते.

अन्यत्र, म्हणजे महाराष्ट्रभर, एक रूढी दृढ झाली आहे. लग्नाच्या पंगतीत उरलेले अन्न रात्री उशिरा गाडीत घालून वृद्धाश्रमात वा अनाथालयात पोचवतात. मराठी मन ‘उष्टे’ आणि ‘उरलेले’ यांत काटेकोर भेद करते. उष्टे दिले तर पाप, उरलेले दिले तर पुण्य. पण सकाळी अकराला शिजलेला भात आणि मठ्ठा रात्री अकराला कोणत्या अवस्थेत आहे, याला आमच्या भाषेत शब्दच नाही. शिजलेले अन्न साठ अंशांच्या वर गरम किंवा पाच अंशांच्या खाली गार असावे. मधला पट्टा जंतूंचा. मंगल कार्यालयातले पातेले त्या मधल्या पट्ट्यात अख्खा दिवस काढून आलेले असते. घेणारी संस्था नाही म्हणू शकत नाही. उद्या देणगी त्याच दात्याकडून यायची असते. देणाऱ्याच्या हेतूला नावे ठेवण्याचे कारण नाही, परंतु त्याने घड्याळ पाहावे, एवढी अपेक्षा फार नसावी.

आणि सगळा दोष स्वयंपाकघराचाही नसतो. डिसेंबर २०२४ आणि जानेवारी २०२५मध्ये शेगाव तालुक्यातील बोंडगाव, कालवड आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस अचानक गळू लागले, काहींना तीन-चार दिवसांत टक्कल पडले. विंचूदंशावरील कामामुळे प्रसिद्ध असलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी तपास केला तेव्हा शिधावाटपाच्या गव्हात सेलेनियमचे प्रमाण अतिशय जास्त आढळल्याचे त्यांनी सांगितले. ज्या घरातली बाई पाणी गाळून, हात धुऊन पोळ्या लाटत होती तिचेही केस गेलेच असते. मातीतून धान्यात आलेल्या द्रव्याला तवा काय करणार?

उरतो तो डबा. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाने २०११पासून सरकारी रुग्णालयात बाळंतिणीला मोफत आहार दिला आहे. साध्या बाळंतपणात तीन दिवस, शस्त्रक्रिया झाली तर सात. ही मोठीच गोष्ट आहे. तरी आमच्या भागात रुग्णाचे खरे स्वयंपाकघर घरीच असते, आणि त्यामागे चवीपेक्षा जुना इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात दवाखान्यातले अन्न म्हणजे परक्या हातचे अन्न. ते टाळण्यासाठी आप्त जेवण घेऊन येत, कोठे आवारातच चूल मांडत. जात बोलायची बंद झाली तरी डबा राहिला, आणि त्यात माया भरली गेली. पहाटे रांधायचे, गरमगरम भात डब्यात दाबून भरायचा, झाकण घट्ट लावायचे, वर फडके गुंडाळायचे, आणि गावाहून निघणाऱ्या एस.टी.च्या वाहकाकडे द्यायचे. दोन तासांनी हाताला तो कोमट लागतो, आणि त्या कोमटपणात घरची ऊब आहे असे रुग्णाला वाटते.

आमच्यापैकी एकाच्या मातोश्री काही वर्षांपूर्वी एका लहान रुग्णालयात होत्या. शेजारच्या खाटेखाली कापडी पिशवीत डबा असे. सकाळी येई, अर्धा दुपारी खाल्ला जाई आणि अर्धा ‘रात्रीला होईल’ म्हणून झाकून ठेवला जाई. एके संध्याकाळी परिचारिकेने वाकून झाकण उघडले, वास घेतला आणि भात खिडकीतून बाहेर टाकायला सांगितला. म्हातारीने डबा छातीशी धरला. सूनबाईने पहाटे चारला उठून केलेला आहे, ती म्हणाली, असा कसा टाकू?